पायांची पुरवणी

मनीषनगरमधल्या समुपदेशक मॅडमकडे मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी बाहेर बसलेल्या आम्हा दोघींना एकेक कागद आणि पेन्सिल दिली. "आत यायच्या आधी स्वतःचं चित्र काढा, जमेल तसं."

शेजारच्या बाई कामठीहून आल्या होत्या. पन्नाशीच्या, चांगल्या ऐसपैस. खुर्ची त्यांना पुरत नव्हती, पण तो त्यांच्या मते खुर्चीचा दोष होता. पेन्सिल जिभेला लावून त्यांनी डोक्यापासून सुरुवात केली आणि कमरेशीच कागद संपला.

"मॅडम, अजून एक कागद द्या न. माह्ये पाय राहून गेले."

दुसरा कागद आल्यावर त्यांनी चपला काढल्या, स्वतःच्या पायांकडे बघत एकेक बोट काढलं आणि पदराची पिन लावून दोन्ही कागद जोडले. मग माझ्या कागदात डोकावल्या. मी पोटावर पर्स ओढून बसले होते. चित्रातही मी ऑफिसच्या टेबलामागे होते. नुसता चेहरा आणि खांदे.

"बाकीची कुठं गेली वं तू?"

"टेबलामागे आहे, मावशी."

"मंग टेबल सरकव न!"

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला हसू फुटलं. कित्येक महिन्यांनी मी अशी खदखदून हसत होते. पोट चांगलं हलत होतं, पर्स घसरून खाली पडली होती, आणि ती उचलायची मला घाई नव्हती.