बाजूच्या काचेची बॅटरी

पडद्यावरची सून माहेरचं घर सोडून निघाली होती आणि बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत वकिलीणबाई पदराने डोळे पुसत होत्या. नेमका तेव्हाच आमचा डोअरकीपर अंबय्या उशिरा आलेल्या दोघींना जागा दाखवायला आत शिरला आणि त्याच्या हातातल्या बॅटरीचा झोत वकिलीणबाईंच्या तोंडावर पडला. बॅटरी तीन सेलची होती. बाईंचं लाल झालेलं नाक, ओले गाल, नथ, सगळं लख्ख दिसलं. कठड्यापलीकडून पुरुषांच्या बाजूचा कुणी तरी म्हणाला, "खरा खेळ तर हितं चाललाय की."

सगळं थिएटर हसलं. वकिलीणबाई इंटरव्हलची वाट न पाहता घरी गेल्या.

सोलापुरात बोलपटाच्या थिएटरचा मॅनेजर म्हणून मी काही वर्षं काम करतो आहे. लोकांना वाटतं, मॅनेजरचं काम म्हणजे फुकट खेळ पाहणं. खरं काम तक्रारी ऐकण्याचं असतं. त्यातही माझा स्वभाव असा की गर्दीत कुणी माझ्या पायावर पाय दिला तर मीच माफी मागतो. या प्रकरणात तर दोष खरोखरच माझा होता. अंबय्याला ती भली थोरली बॅटरी मीच आणून दिली होती. दुकानात होती त्यांतली सगळ्यांत मोठी. मोठी ती चांगली, एवढाच विचार मी केला होता.

दुसऱ्या दिवशी थिएटरच्या मालकांनी, अण्णासाहेबांनी, मला बोलावलं. वकीलसाहेबांचा निरोप आला होता. वकिलीणबाई आता येणार नाहीत. त्या येणार नाहीत म्हणजे त्यांच्या आळीतली एकही बाई येणार नाही, हे निरोपात नव्हतं, पण आम्हां दोघांना कळत होतं.

"त्या म्हाताऱ्याला घरी बसवा," अण्णासाहेब म्हणाले.

"चूक बॅटरीची आहे, अण्णासाहेब. आणि बॅटरी मी आणली."

"मग तुम्हालाही बसवू का?"

अंबय्या आधी मागावर कापड विणायचा. छातीच्या दम्याने माग सुटला, तेव्हा दारावरची ही नोकरी त्याला मिळाली. दुसरी कुणी देणार नव्हतं. मी आठ दिवसांची मुदत मागितली आणि दुसरी बॅटरी शोधतो म्हणून सांगितलं. अण्णासाहेबांनी मान हलवली. त्या मानेत होकार किती आणि कंटाळा किती, ते मला सांगता येणार नाही.

त्याच आठवड्यात मुंबईचा एक विक्रेता आमच्याकडे बल्ब विकायला आला. त्याच्या पेटीत एक लहानशी बॅटरी होती, चष्म्याच्या घराएवढी. कोटाच्या खिशात बसे आणि बाहेर पडू नये म्हणून तिला पाठीमागे चिमटा होता. पुढे नेहमीची गोल काच, पण बाजूलाही बोटभर लांब, दुधी रंगाची काच. खटका वर सरकवला की पुढून झोत, खाली सरकवला की बाजूने उजेड.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पुढच्या बल्बमागे वाटीसारखा आरसा असतो. तो सगळा उजेड गोळा करून एकाच दिशेला फेकतो, म्हणून झोत लांब जातो आणि पडेल त्याचे डोळे दिपवतो. बाजूच्या बल्बमागे आरसा नसतो. उजेड दुधी काचेतून पसरतो, मऊ पडतो आणि हातभर जाऊन थांबतो. विक्रेत्याने मला बाहेर नेऊन भर उन्हात समोरची चिंच दाखवली आणि म्हणाला, संध्याकाळी झोत तिथवर जाईल. बाजूच्या उजेडाबद्दल त्याला फारसं काही सांगायचं नव्हतं. तो आगगाडीत वर्तमानपत्र वाचायला बरा, इतकंच म्हणाला. मी ती बॅटरी पारखण्यासाठी ठेवून घेतली.

पारखायची म्हणजे आपटायला हवी. डोअरकीपरच्या हातून वस्तू पडतेच. मी घरी टेबलापाशी उभा राहिलो, पण दुसऱ्याची वस्तू खाली टाकायला हात होईना. शेवटी बायको म्हणाली, "टाकायची तर टाका एकदा. पूजेला बसल्यासारखे काय उभे राहिलात?" टाकली. काच शाबूत राहिली, खटका मात्र थोडा सैल झाला. तो आधीपासूनच सैल होता की माझ्यामुळे झाला, या विचाराने मला जेवण गेलं नाही. मग दुपारी कोठीच्या खोलीत दार लावून ती पेटवून ठेवली, सेल किती टिकतात ते पाहायला. बायकोने त्या उजेडात गुळाच्या डब्यातल्या मुंग्या निवडल्या. सेल थिएटरच्या खर्चाचे आणि मुंग्या माझ्या घरच्या, हेही मी अण्णासाहेबांना सांगून टाकलं.

थिएटरात पहिली चाचणी दुपारच्या खेळाला झाली. चित्र पौराणिक होतं. पडद्यावर यमराज येण्याची वेळ झाली होती, वाद्यं वाजत होती, लोक श्वास रोखून होते. खेड्यावरून आलेली एक म्हातारी नातीला घेऊन उशिरा आत आली. अंबय्याने तिचं तिकीट वाचायला बॅटरी छातीशी धरली आणि बाजूचा दिवा लावला. उजेड खालून त्याच्या तोंडावर चढला. अंबय्याच्या मिशा आधीच मोठ्या, त्यात भुवयांच्या सावल्या कपाळावर गेल्या.

म्हातारीने हात जोडले. "देवा, ह्या पोरीचं लगीन तरी हू दे," ती म्हणाली, "मग मी आपल्या पायानं येते की."

अंबय्याने तिला अगदी अदबीने जागेवर बसवलं. नंतर मला म्हणाला, "साहेब, ह्या बत्तीनं लई मान मिळतो."

म्हणजे छातीशी धरून चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती खाली, गुडघ्याजवळ धरायचं ठरलं. पण खटका वर की खाली हे अंधारात अंगठ्याला कळत नाही, ही गोष्ट मी घरी उजेडात बसून पारखताना लक्षातच घेतली नव्हती. अंबय्याने खटका उलटा सरकवला. बॅटरी खाली होती, तोंड वर होतं. झोत सगळ्यांच्या डोक्यांवरून सरळ पडद्यावर गेला आणि सावित्रीच्या नाकावर पांढरा चंद्र उगवला. शिट्ट्या सुरू झाल्या. अण्णासाहेब त्या दिवशी वर बॉक्समध्ये पाहुण्यांबरोबर बसले होते.

खेळ संपल्यावर ते खाली आले. आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट. "रविवारी दुपारच्या खेळाला वकिलीणबाई येणार आहेत. मी स्वतः जाऊन विनवणी केली आहे. एकदा जरी झोत दिसला, तर म्हाताऱ्याचा हिशेब करून टाका. माझ्याकडे परत येऊ नका."

अंबय्या शेजारीच उभा होता. तो आपल्या कोटाची बटणं लावत राहिला.

शनिवारी सकाळी थिएटर रिकामं असताना मी सगळे दिवे मालवले आणि मधल्या वाटेवर गुडघ्यांवर बसलो. बाजूचा उजेड हातभरच जातो, तर मग माणसाला दिसायला हवी ती गोष्टच त्या हातभरात आणायला हवी, हे मला तिथे बसल्यावर सुचलं. रांगांची अक्षरं खुर्च्यांच्या पाठीवर वर रंगवलेली होती. ती आम्ही प्रत्येक रांगेच्या टोकाला, गुडघ्याच्या उंचीवर, पांढऱ्या रंगाने पुन्हा काढली. पुढच्या काचेवर काळा कागद खळीने चिकटवला. आता खटका कसाही सरकवा, झोत निघणार नव्हता. अंबय्याने रिकाम्या थिएटरात मला दहा वेळा जागा दाखवली. झाडूवाल्या बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

रविवारी वकिलीणबाई आल्या. उशिरा येणाऱ्याही नेहमीएवढ्याच आल्या. अंबय्याच्या गुडघ्याजवळ काजव्याएवढा उजेड सरकत जाई आणि बायका आपापल्या जागी बसत. पडद्यावर रडण्याचे प्रसंग पुष्कळ होते. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या आयुष्यात कुणी इतकं निर्विघ्न रडलेलं मी पाहिलं नव्हतं.

इंटरव्हलला वकिलीणबाईंचं बोलावणं आलं. मी गेलो. मागून अण्णासाहेबही आले.

"काय हो मॅनेजर, आज अंधार केवढा!" बाई म्हणाल्या.

मी म्हणालो, "आपलीच तक्रार होती..."

"मी रडत होते तेव्हाची तक्रार होती. एरवी कोण आलं, काय नेसून आलं, हे आम्हाला कळायचं कसं? तुमचा म्हातारा उजेड पाडायचा तेव्हाच काय ते दिसायचं. आज फौजदारांची मंडळी आली आहे की नाही, तेसुद्धा मला माहीत नाही."

"मग माणूस बदलू का?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"माणूस कशाला बदलता? त्याला ठाऊक आहे, कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही ते. नव्याला शिकवायला तुम्ही येणार आहात का?"

अण्णासाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंत ना?" जणू अंबय्याला ठेवायचं त्यांच्या मनात पहिल्यापासून होतं आणि काढायला मीच निघालो होतो. मी हो म्हणालो. आणि खोटं सांगत नाही, घटकाभर मला अपराधीही वाटलं.

त्या दिवसापासून खेळ सुरू होण्याआधी आम्ही बायकांच्या बाजूचे दिवे दहा मिनिटं जास्त ठेवतो. तेवढ्यात सगळ्यांचं सगळ्यांना पाहून होतं. विक्रेत्याकडून तशा पाच बॅटऱ्या घेतल्या. पुढच्या फेरीला तो आला, पाचही काचांवरचे काळे कागद पाहिले आणि खाली बसला. "साहेब, किंमत ह्या काचेची आहे," तो म्हणाला. त्याचं दुःख खरं होतं. मी त्याला दोनदा चहा पाजला.

बॅटरी कशी पारखावी, हे आता मला पुष्कळ समजतं. पण आठ दिवस ती पारखत बसण्याआधी मी वकीलसाहेबांच्या घरी जाऊन बाईंना नेमकं काय हवं, हा एक प्रश्न विचारला असता, तर काम अर्ध्या तासात झालं असतं. बॅटऱ्या विकत घेणाऱ्या इतर मॅनेजरांना माझा एवढाच सल्ला आहे. अंबय्या अजून दारावर आहे, आणि त्याला हे मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग इचारलं का न्हाई, साहेब?"