गंजीची चौकशी संपली तेव्हा

आमच्या सिंदीच्या जिनिंगमध्ये हंगामाचा पहिला कापूस उतरला की यंत्राला हळदकुंकू लावून दिवा ठेवायचा, आणि तो मान सर्वांत जुन्या कामगारणीचा. यंदाही तिनेच तो ठेवला. काही दिवसांनी यंत्राशेजारची कापसाची गंजी पेटली. कापसाची आग आधी दिसत नाही. ती पोटात धुमसत राहते आणि ओलसर, करपट वास तेवढा बाहेर सोडते. दिवा आणि गंजी यांची सांगड कोणी घातली कोण जाणे, पण मालकांनी त्या कामगारणीची चौकशी लावली.

त्या काळात ती कामावर येत होती. जेवणाच्या सुट्टीत मात्र तिच्याभोवतीचा बायांचा घोळका उठून आवारातल्या लिंबाच्या झाडापलीकडे गेला, आणि तिच्या ठेच्याचा झणका भिंतीच्या कोपऱ्यातून एकटाच येऊ लागला.

कार्यालयाचे काम माझ्याकडे, म्हणून चौकशीचा शेवट तिला सांगणेही माझ्याकडेच आले. ती आत आली. भुवयांवर रुईचे तंतू, हाताला सरकीचा तेलकट वास. बसा म्हटले तरी बसली नाही. चौकशी बंद झाली आहे, तुमच्यावर कसलीही कारवाई होणार नाही, असे मी सांगितले. माझा आवाज नकळत हलका झाला होता. तिचा चेहरा तसाच राहिला.

"मंग म्या केलं का नाई केलं?"

पुरावा मिळाला नाही, मी म्हणाले.

"म्हंजे शोधून राह्यले होते, सापडलं नाई. असंच ना?"

आयुष्यभर कार्यालयाची पत्रे लिहीत आलेली मी, टेबलावरची धूळ बोटाने पुसत बसले.

"बायांले तुमी सांगा, मॅडम. माह्या तोंडून कोन ऐकन?"

निकाल फक्त तिलाच कळवावा, अशी मला सूचना होती. आरोप मात्र सगळ्या आवाराला तोंडपाठ होता. मी उठले आणि तिच्यामागून उन्हात गेले.

तिला पाहताच एकीने टोमणा मारला, "सुटली का वो मावशी? पेढे आन मंग." बाया हसल्या. मी घसा साफ केला आणि म्हणाले, आग यांच्यामुळे लागल्याचे चौकशीत कुठेही दिसलेले नाही.

हसू विरले. कोणीतरी डबा सरकवून जागा केली. ती बसली, भाकर मोडली. मला वाटले, झाले.

"मंग कोनामुळं लागली?"

प्रश्न हळूच आला. कोणाचा, ते मला कळले नाही. माझ्याकडे कोणीच पाहत नव्हते. बाया एकमेकींकडे पाहत होत्या, आणि मावशीही, घास हातातच धरून, नुकतीच जागा करून दिलेल्या शेजारणीकडे पाहत होती.