डोना अर्सुला

दुपारचं जेवण अंमळ जास्तच होतं आणि जसिंता स्वयंपाकघरातच चटई टाकून आडवी होते. डोळे मिटतात, डोकं काही मिटत नाही. संध्याकाळपर्यंत दगडवाल्याला मजकूर कळवायचा आहे. पास्कू काकांनी तर फर्मानच काढलंय: अर्सुला आत्याचं लग्न झालेलं नव्हतं, तेव्हा थडग्यावर 'कुमारी' येईल. ऐंशी ओलांडलेली कुमारी.

गॅसवर कुकर शिट्टी देतो. शिट्टी लांबत जाते, चर्चच्या ऑर्गनचा सूर होते. ओट्याशी अर्सुला आत्या उभी आहे. ओट्यामागची भिंत आता फळा आहे, आणि हयातभर मुंबईच्या कॉलेजात लॅटिन शिकवणारा तो हात फळ्यावर चालतो आहे.

"पास्कूला गाव सिन्योर म्हणतं. सिन्योर म्हणजे?" आत्या विचारते.

"वयानं मोठा."

"म्हणजे पास्कू म्हातारा झाला, एवढंच. इंग्रजांचा सरही तिथलाच. आणि मिस्टर?"

"मागिस्टर. शिकवणारा."

"मग तो मान माझा. पास्कूनं कुणाला काय शिकवलंय? डोना?"

"दोमिना. घराची धनीण."

"त्यात नवरा आला कुठे?"

फळ्यासमोर चर्चचे बाक आहेत. पहिल्या बाकावरून पास्कू काका खाकरतात. "वसईत डोना म्हणजे सिन्योरची बायको. लोक हसतील."

आत्या त्यांच्याकडे बघतही नाही. "बापूस गेल्यावर वाडी कुणी राखली? तुला कुणी वाढवलं?"

"तू."

"मग माझं नाव काय लिहायचं, हे त्याला विचारायला का गेलीस?"

जसिंताला हे लागतं. खरं आहे, म्हणूनच लागतं. ती उठते तेव्हा बाक नाहीत, केळीची बाग आहे, आणि आत्या पाटाच्या पाण्यातून पुढे निघाली आहे.

"आते, थांब ना. मला तुझ्यावाचून करमत नाही."

आत्या थांबते. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून जसिंताच्या हातात देते, वरून तिची मूठ आवळते. "घट्ट धर. मागायला येतील."

जसिंता जागी होते. गॅस बंदच आहे, कुकर कधीचा थंड पडलाय. मूठ आवळलेलीच आहे. ती उघडते. हातात काही नाही, पण तळव्यावर किल्लीच्या दात्यांचे लाल व्रण उमटलेत. ती पोटभर रडते, नाक पुसते आणि दुसऱ्या हातानं फोन लावते.

"कुमारी काढा. डोना अर्सुला तुस्कानो असं कोरा."

"पास्कू काकांना विचारलंत?" दगडवाला चाचरतो.

"नाही," जसिंता म्हणते. "विचारणारही नाही."

तळवा अजून चुरचुरतो आहे.