वहिनींची पहिली केस

"हिला लावायचं का गं?"

हळदीकुंकवाची कोयरी हातात घेऊन त्या बाई माझ्यासमोर थांबल्या होत्या. बोटाला कुंकू लागलेलं. बोट तसंच हवेत. मी पन्ह्याचा ट्रे धरून उभी. कपाळ पुढे करायचं की नाही, मला कळेना.

"नवरा आहे ना तिला?" दुसरीने विचारलं.

"आहे. पण तो दुसरीचा."

सोफ्यावरून माझ्याकडे बोट करून वहिनी म्हणाल्या, "लाव गं. टेक्निकली सवाष्णच आहे ती."

हॉलभर हसल्या सगळ्या. मग आंबेडाळ खाणारी एकजण म्हणाली, "म्हणजे सवतीच्या लग्नाचा स्वयंपाक केला ती हीच? मावशी, मेनू काय होता हो?"

परत हसू. वहिनीही हसल्या. शेवटी त्या बाईंनी कुंकू लावलं. माझ्याकडे न बघता, मैत्रिणींकडे बघत. कुंकू भुवईला लागलं.

मागच्या चैत्रात याच हॉलमध्ये मला सगळ्यांनी कुंकू लावलं होतं. कुणाचं बोट थांबलं नव्हतं. तेव्हा त्यांना माझं काही माहीत नव्हतं. आता माहीत होतं. आणि ते मी मस्कतमध्ये एकाच बाईला सांगितलं होतं.

मी रत्नागिरीकडची. शाळा चौथीपर्यंत. पाचवीची शाळा खाडीच्या पलीकडे. बाबा म्हणाले, पुरे झालं. पुढे लग्न झालं. मूल झालं नाही. नवऱ्याने दुसरी बघितली. सासू म्हणाली, बाहेरचा आचारी कशाला, हिच्या हाताला चव आहे. मग मीच चुलीपुढे बसले. मंगलाष्टका मी मागच्या पडवीत बुंदी पाडताना ऐकल्या. पाहुणे बुंदीची तारीफ करून गेले. अजून कुठे बुंदीचा वास आला की मी तिथून उठते.

तिथून भावाकडे आणि भावाकडून इकडे, ओमानला. पुण्याच्या या कुटुंबात स्वयंपाक आणि घरकाम. साहेब रुसैलच्या कारखान्यात मोठ्या जागेवर आहेत. घर मस्कतच्या गाला भागात. मुलगा कॉलेजला परदेशी गेला आणि दिवसभर घरात वहिनी आणि मी, दोघीच उरलो. मी फार बोलत नाही. लहानपणापासून तसंच. मीठ संपलंय, गॅस आलाय, एवढंच बोलायचं. वहिनी मला मावशी म्हणायच्या, तुम्ही म्हणायच्या. मला ते चालत होतं.

गेल्या वर्षी वहिनींनी शिकायचं ठरवलं. भारतातली डिग्री, इथे घरी बसून करायची. कुठल्या विद्यापीठाची फी किती, परीक्षा कॉम्प्युटरवर होते का, हे सगळं फोनवर मैत्रिणींशी चालायचं. विषय उपयोजित मानसशास्त्र. मला नाव उच्चारता येईना. मी विचारलं, म्हणजे काय हो?

"मनाचा अभ्यास. माणूस असा का वागतो, ते."

त्या दिवशी तव्यावरची पोळी करपली. मला तर आयुष्यात हेच कळून घ्यायचं होतं. माझी सासू वाईट बाई नव्हती. माझ्या तापात तिने रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. मग तीच बाई हाताला चव आहे असं कसं म्हणाली? हे कुठे शिकवत असतील असं मला कधी वाटलंच नव्हतं.

विचारायला मला बरेच दिवस लागले. शेवटी भांडी पुसता पुसता म्हटलं, "वहिनी, चौथीवालीला असलं काही शिकता येतं का?"

त्यांनी चष्मा वर केला. माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "का नाही? मुक्त शिक्षणात आधी पूर्वतयारीचा कोर्स असतो. मी नोंदणी करीन तेव्हा तुझंही नाव घालते. दोघी अभ्यास करू. फोटो आणून ठेव फक्त."

तुझं म्हणाल्या. मला वाटलं, बहिणीसारखं म्हणाल्या.

शुक्रवारी माझी अर्ध्या दिवसाची सुट्टी. मस्कतमध्येच, हमरिया भागात जैनबआपा राहते. आमच्याच तालुक्यातली, शिवणकाम करते. तिने माझी साडी इस्त्री करून दिली आणि स्टुडिओत घेऊन गेली. "काय गो, कॉलेजात चाललीस," म्हणाली. मी तोंडावर पदर घेऊन हसले. फोटो वहिनींना दिला.

मग दुपारी त्या माझ्याजवळ बसायला लागल्या. मी मेथी निवडायची, त्या चहा करायच्या. माझ्यासाठी चहा. मग विचारायच्या. लग्न कधी झालं? सासू कशी होती? मी एखादं वाक्य बोलायची आणि थांबायची. "मी बुंदी पाडत होते," असं मी म्हटलं, तर त्या हळूच म्हणायच्या, "तू बुंदी पाडत होतीस…" आणि गप्प बसायच्या. माझ्या डोळ्यांत बघत. ती शांतता मला सहन व्हायची नाही. मग मी पुढचं सांगायची. त्याच्या पुढचंही. मंडपातून नवऱ्याने पाणी मागवलं आणि ते मीच नेऊन दिलं, हेही सांगितलं. ते मी भावालाही सांगितलं नव्हतं.

"तेव्हा तुला काय वाटलं?" असं मला त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, आपलं माणूस असंच ऐकत असणार.

वहिनींची प्रवेशाची ऑनलाइन मुलाखत झाली. नोंदणी झाली. पेढे आले. मी विचारलं, माझं?

"होईल गं. तुझी लिंक वेगळी आहे."

मग चैत्रातलं हळदीकुंकू. ते वर लिहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी लॅपटॉपपुढे बसल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही माझं सगळ्यांना सांगितलंत."

"अगं, मुलाखतीत एखादी केस मांडायला सांगतात. तुझी मांडली. त्यांना फार आवडली. नाव कुठे घेतलं मी?"

"काल माझ्याकडे बोट दाखवलंत."

"त्या आपल्याच मैत्रिणी आहेत. चेष्टेत घ्यायचं."

मग ते विचारलं, ज्यासाठी खरं तर आले होते. "आणि माझी नोंदणी?"

त्यांना क्षणभर आठवेना. मग आठवलं. "अगं ते! ते तू बोलावंस म्हणून म्हटलं होतं. तू तर तोंडच उघडायची नाहीस. आणि खरं सांग, तुला काय करायचंय बी.ए. होऊन?"

रागावून नाही, प्रेमाने म्हणाल्या. मुलाला लाडवाचं आमिष दाखवून औषध पाजतात ना, तसं.

माझा फोटो मी शोधला. खणात होता. हॉटेलांची मेनूकार्डं, रबरबँड, संपलेले सेल, त्यांत. मी तो काढून घेतला.

मी टेबल पुसत होते. वहिनींनी मुलाखतीआधी बघायच्या त्यातला एक शिकवणीचा व्हिडिओ परत लावला. पडद्यावरचे सर हिंदीत सांगत होते, "सामने वाले का आख़िरी वाक्य दोहराइए। फिर चुप रहिए। वह ख़ुद बोलेगा।"

माझा हात थांबला. तू बुंदी पाडत होतीस. आणि मग गप्प बसणं. डोळ्यांत बघणं. सगळं शिकवलेलं होतं. चहासुद्धा, मला वाटतं. सासूने मला चुलीपुढे बसवलं तेव्हा मला माहीत होतं की मला कामाला लावलंय. वहिनींनी कामाला लावलं ते कळलंसुद्धा नाही. मी माझ्या हाताने वाढत गेले. सासूचं मी सोसलं. हे सोसवत नाही.

शुक्रवारी आपाच्या दुकानात बसून रडले. आपाने मशीन थांबवली नाही. टीप मारता मारता म्हणाली, "ती शिकली तुझ्यावर. तू काय रडत बसणार? कोर्स खोटा नव्हता गो, ती खोटी होती. माझ्या भाचीने मुक्त शाळेतून पाचवी दिली, मग आठवी. बाळ होतं तिला काखेत."

पाचवीची पुस्तकं तिच्या भाचीने गावाहून मस्कतला येणाऱ्या माणसाबरोबर पाठवली.

काही दिवसांनी वहिनी दुपारी दोन कप घेऊन आल्या. "बस ना. माहेरी परत आलीस, तो भाग राहिलाय. असाइनमेंट द्यायचीय."

मी बसले नाही. उभ्यानेच बोलले. "जेवायला काय करायचं ते विचारा. कपडे विचारा, बाजार विचारा. माझं काही विचारू नका."

"तू बसणार नाहीस…" त्या हळूच म्हणाल्या. आणि गप्प झाल्या. डोळ्यांत बघत.

मीही गप्प राहिले. तेवढं मला येतं. आयुष्यभर केलंय. चहावर साय धरली. शेवटी त्यांनीच नजर वळवली.

"बरं, मावशी. तुमची मर्जी," म्हणाल्या. परत तुम्ही.

रात्री साहेबांना सांगितलं, करार संपला की मी जाणार, परीक्षा आहे, पासपोर्ट माझ्याजवळ द्या. साहेब म्हणाले, इन्शाल्ला, बघू. मी म्हटलं, इन्शाल्ला नको साहेब, दिवस सांगा. त्यांनी पेपर खाली केला. अजून दिवस सांगितलेला नाही. मी रोज विचारते.

वहिनींना मी माफ केलेलं नाही. त्या डिग्री घेतील, बोर्ड लावतील, बायका त्यांच्यासमोर बसून रडतील. त्याला माझा इलाज नाही.

मला पाचवी करायची आहे. मग आठवी, मग दहावी. केस पांढरे होतील, होऊ देत. मनाचं शिकेपर्यंत पोचले, तर समोर बसलेल्या बाईला आधी सांगेन की मी शिकतेय, तुझं बोलणं मला अभ्यासाला लागणार आहे, देतेस का? ती नाही म्हणाली तर मी उठेन. दुसरा शब्द विचारणार नाही.