गॅलनमधले दाणे

शेवंताबाईंनी पिवळ्या पडलेल्या पऱ्ह्यांची मूठ माझ्या बॅगेवर ठेवली आणि म्हणाल्या, "हे पाय बाई, तुमच्या मिलच्या पाण्यानं काय केलं ते."

मिल माझी नव्हती. मी बॉयलरच्या पाण्याची कामं करते आणि साकोलीहून सानगडीकडच्या एका राईस मिलमध्ये सर्व्हिस व्हिजिटला आले होते. पण बॅग घेऊन गेटवर उभी होते, तेवढं त्यांना पुरलं. मिलच्या भिंतीला लागून त्यांची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, आणि मिलची नाली त्यातच उतरत होती. तिथेच एका कोपऱ्यात त्यांनी रोवणीसाठी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकली होती. आता नव्याने टाकायची तर उशीर झाला होता.

मिलचे मालक दिगांबरभाऊ बाहेर आले. "मॅडम, तिचं नका ऐकू. रोग असन कोणता तरी."

"रोग तुह्या नालीतून येऊन राहिला," शेवंताबाई म्हणाल्या. "चिमण्यासुद्धा ते पाणी पेत नाही."

मी पेनाएवढा टीडीएस मीटर काढला. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते तो दाखवतो. नालीत बुडवला, तर त्याने आकडा दाखवायचंच सोडलं. क्षार त्याच्या पट्टीबाहेर होते.

"भाऊ, हे मिठाचं पाणी आहे. मीठ किती लागतं सध्या?"

"पोतेच्या पोते जाऊन राहिले. मले वाटलं, मशीन नवीन आहे, खात असन."

मशीन म्हणजे वॉटर सॉफ्टनर. भाऊंची मिल उकडा तांदूळ करते, त्याला वाफ लागते आणि वाफेला बॉयलर. बोअरच्या जड पाण्याने बॉयलरच्या नळ्यांना आतून चुन्याचा थर बसतो. तो बसू नये म्हणून पाणी आधी सॉफ्टनरमधल्या रेझिनच्या बारीक मण्यांतून सोडतात. मणी चुना धरून ठेवतात. ते भरले की मशीन स्वतःच त्यांना मिठाच्या पाण्याने धुतं आणि ते पाणी नालीत सोडतं. या धुण्याला रिजनरेशन म्हणतात. भाऊंच्या मिलमध्ये ते दोन दिवसांतून एकदा व्हायला हवं होतं. इथे दिवसाला दोन-तीनदा होत होतं.

"बंद कर ते मशीन," शेवंताबाई म्हणाल्या.

"बंद केलं तर बॉयलर बसन माहा," भाऊ म्हणाले. दोघांचंही खरं होतं.

मी मशीनजवळ गेले. हार्डनेसच्या, म्हणजे पाण्याच्या जडपणाच्या, खिडकीत ९९ होतं.

"हे कोणी लावलं?"

"मीच. पाण्याच्या लॅब रिपोर्टमधी तीनशे आहे ना? पण खिडकीत दोनच आकडे बसते. मंग जे सगळ्यात मोठं बसलं ते लावलं."

मला हसू आलं, पण शेवंताबाई समोर होत्या.

रिपोर्टमधले तीनशे होते पीपीएम, म्हणजे एका लिटर पाण्यात तीनशे मिलिग्रॅम. मशीन परदेशी. त्याला हार्डनेस हवा होता ग्रेन्स पर गॅलनमध्ये. त्यांचा गॅलन पावणेचार लिटरहून थोडा मोठा. ग्रेन म्हणजे सुमारे पासष्ट मिलिग्रॅम. हिशेब केला की एक ग्रेन पर गॅलन म्हणजे साधारण सतरा पीपीएम होतात. तीनशेला सतराने भागलं की साडेसतरा-अठरा. मी अठरा लावलं. मशीन साडेपाचपट जास्त चुना आहे असं समजून साडेपाचपट मीठ खात होतं.

"ग्रेन म्हंजे दाणाच ना?" भाऊंनी विचारलं.

"हो. जुन्या काळी गव्हा-जवाच्या दाण्यावरून ठरवलेलं वजन आहे."

"गव्हाचा काहून? धानाचा काहून नाही?"

 भाऊंनी मला ऑफिसात नेलं. तिथे तांदळातला तुकडा तपासायचा छोटा वजनकाटा होता. त्यांनी एचएमटी तांदळाचे शंभर दाणे मोजून ठेवले. काटा म्हणाला एक ग्रॅम आणि वर थोडं. एक दाणा साडेअकरा मिलिग्रॅमचा.

"आता करा हिशेब, गॅलनात माहे दाणे किती होते," ते म्हणाले.

मी केला. मग पुन्हा केला. त्यांच्या बोअरच्या एका गॅलन पाण्यात अकराशे पस्तीस मिलिग्रॅम हार्डनेस. भागिले साडेअकरा. उत्तर आलं अठ्ठ्याण्णव पूर्णांक सात.

"म्हंजे नव्याण्णव," भाऊ खुर्चीला टेकून म्हणाले. "मंग मी चुकलो कुठं? मशीनलेच एचएमटी माहीत नाही."

मी कॅल्क्युलेटर बंद केला. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण चुकीचं उत्तर इतकं बरोबर आलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"तुह्या दाण्यानं माहे पऱ्हे उभे होते का?" दारातून शेवंताबाईंनी विचारलं. भाऊ खुर्चीतून उठले.

दुपारी मिलच्या मागे खड्डा खणून सॉफ्टनरची नाली तिकडे वळवली. मीठ धुऊन जावं म्हणून शेवंताबाईंनी मोटर लावून बांधीत गोडं पाणी भरलं आणि सोडून दिलं, असं दोन-तीनदा. अर्धे पऱ्हे वाचले. बाकीचे भाऊंनी आपल्या शेतातून उपटून दिले. शेवंताबाईंनी जुड्या उलटून-पालटून पाहिल्या आणि भाऊंना विचारलं, "हे कोणतं वाण व्हय?"

"एचएमटी," भाऊ म्हणाले, जरा जपूनच.

युनिट कन्व्हर्जन हा कॉलेजात पहिला धडा असतो. सोपा म्हणून कोणी लक्ष देत नाही. मला मात्र नोकरीत अवघड धड्यांची गरज क्वचितच पडली. बोलावणं येतं ते बहुतेक त्या पहिल्याच धड्यासाठी.