साहेबांची खुर्ची माझ्या घरी

धायरीत माझा टेम्पो आहे. एका सरकारी खात्याच्या कामावर तो उन्हाळाभर पाण्याच्या टाक्या वाहत होता. बिल टाकलं, ते काही निघालं नाही. तेवढ्यात इंजिन बसलं. दुरुस्तीला पैसे नव्हते, कारण माझे पैसे सरकारकडे होते. म्हणून कोर्टाची पायरी चढलो.

सदाशिव पेठेतल्या वकीलबाई म्हणाल्या, सरकारवर दावा लावायचा तर आधी नोटीस द्यायची, मग दोन महिने थांबायचं. त्यांना आधी कल्पना द्यावी लागते. मी म्हणलं, बाई, हेलपाटे मारून कल्पनाच देतोय की.

"विनोदाची फी वेगळी पडेल," बाई म्हणाल्या.

पुढं रखडत रखडत निकाल लागला, माझ्या बाजूनं. सरकार हरलं म्हणून मी गल्लीत पेढे वाटले, तेही उधारीवर. मग ऐटीत खात्यात गेलो. साहेबांनी निकाल वाचला, चांगला आहे म्हणाले आणि परत दिला. बाईंनी सांगितलं, निकालानंतरही सरकारला तीन महिने असतात. तोवर पैसे आले नाहीत तरच जप्ती मागता येते. पेढे जरा लवकरच वाटलेत तुम्ही.

तीन महिने गेले, जप्तीचा हुकूम निघाला. कोर्टाचा बेलीफ म्हणाला, सामान न्यायला गाडी तुमचीच लागते. माझी तर त्याच पैशांवाचून बंद पडलेली. मेव्हण्याचा टेम्पो सांगितला. त्यानं भाडं आधी रोख घेतलं. म्हणाला, "दाजी, कोर्टात जायची माझी ऐपत नाही."

खात्यात बेलीफ म्हणाला, काय काय उचलायचं ते तुम्ही दाखवा. मी सवयीनं चपला दाराबाहेर काढलेल्या. साहेबांकडे बोट दाखवायचं धाडस होईना, म्हणून हात जोडून म्हणलं, "साहेब, जरा उठता का?" साहेब उठले. त्यांची गोल फिरणारी खुर्ची गेली, बाकीच्याही गेल्या. साहेब उभे राहिलेले मला बघवेना. टेम्पोतली एक खुर्ची काढून त्यांना द्यायला निघालो, तर बेलीफनं दंड धरला.

"अहो, जप्त माल आहे तो. आता ना तुमचा, ना त्यांचा."

कोर्टात ठेवायला जागा नव्हती. माल माझ्याच घरी ठेवायचा ठरलं. जसाच्या तसा सांभाळायचा, वापरायचा नाही, असं लिहून घेतलं. मला सहीपुरतं येतं, ती केली. घर दीड खोलीचं, खुर्च्या छतापर्यंत आणि आम्ही खाली चटईवर. आल्यागेल्याला बायको सांगायची, सरकार आलंय राहायला, आपण खाली बसा.

एका दुपारी ती मंडईत गेली आणि मी साहेबांच्या खुर्चीत बसलो. आधी दोन गिरक्या घेतल्या. मग साहेबांसारखा मागं रेलून कपाटाला म्हणलं, "बघू, पुढच्या आठवड्यात या." खुर्चीची पाठ मोडली आणि मी कपाटाच्या पायाशी पडलो.

त्याच सुमाराला खात्यानं कोर्टात पैसे भरले. बेलीफ माल तपासायला आला आणि मोडकी पाठ लिहून घेऊन गेला. कोर्टानं सांगितलं, आठ दिवसांत नीट करा, नाहीतर तुमच्या पैशातून कापू. मी बाईंना विचारलं, मला तीन महिने नाहीत का?

"तुम्ही सरकार आहात का?" बाई म्हणाल्या.

खुर्ची नीट केली, तेही उधारीवर. मग पैसे हातात पडले आणि इंजिन झालं. टेम्पोची पहिली खेप म्हणजे साहेबांच्या खुर्च्या परत पोचवायची. साहेब बसले, रेलून बघितलं, पहिल्यापेक्षा बरी झाली म्हणाले. मग मलाही म्हणाले, बसा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी बसलो, वर चहाही आला.

"गाडी चालू झाली ना? पुढच्या महिन्यात टाक्या न्यायच्यात," साहेब म्हणाले. "बिल टाका, बघू."

समोर बसून, त्यांचा चहा पिऊन नाही कसं म्हणायचं? हो म्हणून आलो. बायकोला अजून सांगितलेलं नाही.