नानांचा बिलियर्डचा सामना

नाना बोलायला उभे राहिले की आधी घसा खाकरायचे, मग चष्मा वर ढकलायचे आणि मग म्हणायचे, "मंडळी, हा खेळ मुंग्यांसारखा बघायचा असतो. गप्प, पण सगळ्यांनी मिळून." मी हे जसंच्या तसं करून दाखवलं की गोदामात हशा पिकायचा, आणि सगळ्यात मोठ्यानं नानाच हसायचे. म्हणून तर मी त्यांच्यावर जीव टाकायचो. आमच्या हेडमास्तरांचा आवाज मी एकदाच काढला होता, त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं आणि मॅट्रिकनं मला पुढं जाऊ दिलं नाही. नानांनी मात्र त्याच आवाजासाठी मला कामाला ठेवलं.

नाना मूळचे धुळ्याचे. घरची कापसाची पेढी, ती त्यांचे मोठे भाऊ चालवायचे. तरुणपणी भावानं त्यांना कापसाचे नमुने देऊन मुंबईला पाठवलं होतं. तिथं कुणीतरी त्यांना एका दिवाणखान्यात नेलं, हिरवी बनात, म्हणजे लोकरी कापड, ताणून बसवलेलं भलंमोठं टेबल, त्यावर हस्तिदंती गोळे, आणि लांब काठी घेऊन एक माणूस वाकलेला. नाना दिवसभर तिथंच उभे राहिले. नमुने ट्राममध्ये राहून गेले. भावानं ते अजून माफ केलेलं नव्हतं.

लढाई संपली आणि साहेब लोक बाडबिस्तरा आवरायला लागले. त्यांच्या एका क्लबातलं टेबल नानांनी मिळवलं आणि जळगावात कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या शेजारी एका रिकाम्या गोदामात आणून मांडलं. ते बैलगाड्यांतून आलं तेव्हा अर्धा बाजार मागं. बनात वेगळी, लाकूड वेगळं आणि दगडाच्या फरश्या वेगळ्या. फरशी उतरवताना हमाल घामाघूम झाले. त्या दिवसापासून नाना येईल त्याला एकच गोष्ट सांगायचे, "वरून मऊ दिसतं ना? खाली दगड आहे. अस्सल परदेशी दगड. हत्ती उभा करा." आणि बनातीवर टिचकी मारून दाखवायचे. गावोगावचे लोक बाजारच्या दिवशी यायचे, दगड बघू म्हणायचे, आणि बनात बघून परत जायचे.

मोठ्या भावानं शेवटी एक अट घातली. ती त्यांनी माझ्यासमोर घातली, कारण त्या दिवशी मी गोदामात कापसाची धूळ झाडत होतो आणि त्यांच्या लेखी मी माणसात जमा नव्हतो.

"मुंबईचे पोटासाठी खेळणारे लोक बोलाव," ते म्हणाले. "एक सामना करून दाखव. पुढल्या वर्षी पुन्हा येतो असं ते म्हणाले, तर राहा इथं, मी तोंड उघडणार नाही. नाही म्हणाले तर धुळ्याला यायचं, पेढीवर बसायचं, आणि हे नाव पुन्हा काढायचं नाही."

"चालेल, दादा," नाना म्हणाले.

चाळिशी उलटलेला माणूस, पण 'दादा' म्हणताना आवाज शाळेतल्या पोराचा. तो आवाज मी कधीच काढला नाही.

मग आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणजे जिनिंगमधली पोरं, दोन शिंपी, पानवाला, आणि आमच्या सगळ्यांचे म्होरके भडगावचे आबा. आबा म्हणजे कुस्त्यांचे नादी. गिरणाकाठच्या एकूणएक दंगलीत पहिल्या रांगेत बसायचे, आवडत्या पैलवानाला स्वतःच्या हातानं फेटा बांधायचे. त्यांना या खेळातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण नाना एकदा त्यांच्या गावच्या दंगलीला येऊन शेवटपर्यंत उन्हात बसले होते, तेवढ्यावर आबा नानांचे झाले.

मी टांग्यातून भोंगा घेऊन फिरायचो. अर्धी जाहिरात साहेबाच्या आवाजात, अर्धी नानांच्या. बायका दारात येऊन हसायच्या. नाना रोज संध्याकाळी लोकांना बसवून शिकवायचे: खेळाडू वाकला की खोकायचं नाही, विडी पेटवायची नाही, गोळा टेबलाच्या कडेच्या जाळीत पडला की टाळ्या, दोनच टाळ्या, आणि पुन्हा गप्प. आबांना हे फार जड गेलं.

"दोनच?" आबा म्हणाले. "आनी मानूस जिंकना तर?"

"तरी दोनच."

"मंग त्याले कसं कयी का आपण खूश शेत?"

नाना म्हणाले, "कळतं त्याला, आबा."

आबांनी डफवाले ठरवले होते, नाना नको म्हणाले. गुलाल आणला होता, नाना दचकलेच. खेळाडूंना फेटे बांधू म्हणाले, तर नाना म्हणाले खेळ झाल्यावर, स्टेशनवर बांधा. प्रत्येक नकाराला आबांचं तोंड लहान होत गेलं. शेवटी ते म्हणाले, "बठ्ठं नही म्हणस तू. इतला मोठा सामना शे, एक नारय तरी फोडू दे."

नानांना माणसाचं मन मोडता यायचं नाही. ते म्हणाले, "नारळ फोडा, आबा. जरूर फोडा." नानांच्या डोळ्यांपुढं गोदामाचा उंबरा होता. आबांच्या डोळ्यांपुढं दुसरंच काही होतं, पण ते विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

सामन्याच्या दिवशी सकाळी मी आणि नाना स्टेशनवर गेलो. मुंबईहून चौघे उतरले, जाकिटं घातलेले, काठ्या लांब चामडी पेट्यांत. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा बारीक अंगाचा होता, बोलायचा हळू आणि अर्धं हिंदुस्थानी. टांग्यात नाना त्याच्याकडं असे बघत होते की मी माझी एक ठेवणीतली नक्कल करायची विसरलो.

गोदाम दिसायला लागलं. माणसं दाराबाहेरही उभी, खेड्यापाड्यातून बैलगाड्या आलेल्या. म्हातारा म्हणाला, "ये सब गेम देखने को?"

"सगळे," नाना म्हणाले.

तेवढ्यात आतून फट्टकन आवाज आला आणि मागोमाग देवाचा गजर. म्हातारा थबकला. नाना हसले, त्याच्या दंडाला हात लावून म्हणाले, "हमारे इधर की रीत है. शुभ काम से पहले नारियल फोडते हैं." आणि चष्मा वर ढकलला. असे खूश नाना मी त्याआधी पाहिले नव्हते, आणि पुढं तर नाहीच.

आम्ही आत गेलो. माणसं गोणपाटांवर मांडी घालून, शिकवल्याप्रमाणं गप्प. मधे टेबलाशी आबा, धुतलेलं धोतर, डोक्यावर कोरा फेटा. कुस्तीच्या आखाड्यात मातीची पूजा होते आणि नारळ आखाड्याच्या मधोमध फुटतो. आबांनी तेच केलं होतं. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू, मधे फुलं, आणि नारळ फोडायला दगड हवा तर दगड कुठं आहे हे नानांनीच गावाला तोंडपाठ करून दिलेलं. बरोबर मधोमध, पूर्ण हातानं. पाणी बनातीत पसरत चाललं होतं आणि करवंटीच्या धारेनं बनात वीतभर फाटली होती. फटीतून काळा दगड दिसत होता.

"खरंच दगड शे, भाऊ," आबा नानांना म्हणाले. "एक घावमा फुटना."

कुणीतरी खोबऱ्याचा तुकडा म्हाताऱ्या खेळाडूच्या हातावर ठेवला. त्यानं तो कपाळाला लावला आणि खाल्ला. मग टेबलाजवळ जाऊन ओल्या जागेवर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला. बाकीचे तिघे छताकडं बघत होते.

"दूसरा कपडा है?"

नानांनी मान हलवली. बनात विलायतेहून यायची.

"सूखेगा तो भी टेढा सूखेगा, सेठ."

"एक बार देखिए तो," नाना म्हणाले. त्यांचा आवाज तेव्हाच 'चालेल, दादा' वाला झाला होता.

म्हाताऱ्यानं पेटीतून काठी काढली, जोडली, टोकाला खडू लावला. तो वाकला आणि गोदामात इतकी शांतता झाली की जिनिंगचा पट्टा ऐकू यायला लागला. शेकडो माणसं, एकाला खोकला नाही. गोळा निघाला, छान सरळ निघाला, ओल्या जागेत शिरला, जड झाला, फाटलेल्या कडेशी वळला आणि थांबला.

लोकांनी दोन टाळ्या वाजवल्या. दोनच. आणि पुन्हा गप्प.

त्यांना वाटलं, गोळा तिथंच थांबवायचा होता.

मी नानांकडं बघितलं नाही. मी जोकर माणूस, मला कुठं बघायचं नाही ते कळतं. नाहीतर त्या वेळी काहीतरी करून दाखवायला हवं होतं, लोक हसले असते.  म्हाताऱ्यानं तीन-चार गोळे टेबलाच्या कोरड्या टोकाला मांडून जाळीत घातले, पाहुण्यानं ताटातले दोन घास खावेत तसे. दर वेळी दोन टाळ्या. मग त्यानं काठीचे जोड सोडवले आणि ती पेटीत ठेवली.

"मॅच नहीं हो सकता," तो नानांना म्हणाला. "हमारे लोग का नाम जाता है."

नानांनी विचारलं, "और अगले साल?"

म्हातारा लोकांकडं वळला. त्यांच्याकडं बघतच बोलला. "ऐसा पब्लिक मैंने बंबई में नहीं देखा. लेकिन सेठ, टेबल किधर है?"

एवढंच. संध्याकाळच्या गाडीला सगळा गाव स्टेशनवर. आबांनी चौघांना फेटे बांधले, डफवाल्यांनी सकाळपासून अडवून धरलेलं सगळं तिथं वाजवलं. खेळाडू खिडकीतून हात हलवत गेले. लोक घरी जाताना म्हणत होते की सामना झकास झाला, जरा लवकर आटोपला. सामना झालाच नाही हे आम्ही पाच-सहा जण सोडून कुणाला माहीत नव्हतं, आणि सांगायचं कुणाला? आबांना सांगायला मी दोनदा तोंड उघडलं. नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "राहू दे रे. त्यांनी मनापासून फोडलाय."

मोठे भाऊ त्याच आठवड्यात आले. टेबलाकडं बघितलं, हळदीचा डाग बोटानं घासला. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, दादा."

"चल मग."

नानांनी अंगरखा चढवला आणि गेले. मला म्हणाले, "दार ओढून घे." एवढ्या वर्षांचा नाद, आणि निरोप काय, तर 'दार ओढून घे'.

काही महिने मी बाजारात नानांची नक्कल करत राहिलो. लोक सांगायचे म्हणून. हसायचे, आणि शेवटी कुणीतरी हटकून विचारायचं, "औंदा सामना कधी?" मी सांगायचो नाना धुळ्याला असतात. मग आबांच्या मनानं घेतलं की नाना रुसलेत, आणि रुसलेल्या माणसाला वाजतगाजत आणायचं असतं. त्यांनी प्रवाशांची सर्व्हिस मोटार ठरवली. डफवाले आले, शिंपी आले, पानवाला दुकान बंद करून आला. मीही गेलो. मला ठाऊक होतं, तरी गेलो. मनात येत होतं, इतकी माणसं दारात बघून मोठे भाऊसुद्धा विरघळतील.

धुळ्याला पेढीपुढं मोटार थांबली आणि डफ सुरू झाले. रस्त्यावरचे लोक गोळा झाले. आत गाद्यांवर मोठे भाऊ बसलेले, त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. नाना कोपऱ्यात कापसाचा नमुना बोटांत ओढून धाग्याची लांबी बघत होते. ते उठून बाहेर आले. वाळले होते. आबांनी त्यांच्या गळ्यात हार घातला, त्यांनी तो घालू दिला.

"चल भाऊ," आबा म्हणाले. "बठ्ठी तयारी शे. लोके वाट दखी राहिनात."

नानांनी हात वर केला आणि डफ थांबले. अजूनही त्यांच्या हातावर माणसं गप्प व्हायची.

"आबा," नाना म्हणाले, "आता पुन्हा येऊ नका."

"राग उना का तुले?"

"नाही, आबा. तुमचा राग कसा येईल?"

"मंग काब्र येवानं नही?"

नानांनी हार काढून हातात घेतला. त्यातल्या एका फुलाची पाकळी ते कापसासारखी ओढत राहिले. "तुम्ही आलात की मला वाटतं, होईल," ते म्हणाले. "मग माझा दिवस जात नाही."

माझ्याकडं बघून त्यांनी हसल्यासारखं केलं आणि आत गेले. मोठ्या भावानं सरकून त्यांना जागा दिली. नानांनी पुन्हा कापूस उचलला.

आम्ही मोटारीत बसलो. धुळं मागं पडलं. मग आबा म्हणाले की माणूस थकलाय, थंडीपर्यंत विसावा घेऊ द्यावा. शिंप्यानं विचारलं, बनात खादीची शिवली तर? पानवाला म्हणाला, मुंबईचे नाही तर नागपूरचे बोलावू. डफवाल्यांनी आपली जागा मागितली, या वेळी आत. पारोळ्याला मोटार पाणी घ्यायला थांबली तोवर कुणी कुठं बसायचं इथपर्यंत सगळं ठरलं होतं.

"तू जाहिरात म्हणून दाखव ना रे," आबा मला म्हणाले. "नानाना आवाजमा."

मी म्हणालो, माझा घसा बसलाय.